कीबोर्ड लायब्ररीच्या कॉमेंटमधल्या स्पेलिंगच्या चुका: दुरुस्त केल्या तरी परत का येतात?

बटण दाबल्यावर कोणतं अक्षर उमटायचं ते ठरवणारी कीबोर्ड लायब्ररी आम्ही लिहितो. आमच्या टेस्टिंगमधल्या एका मॅडमनी तक्रार टाकली होती: इन्स्क्रिप्ट लेआउटवर ‘ो’ दाबलं तर ‘त’ उमटतो आणि ‘े’ दाबलं तर ‘च’. इंग्रजीवर जाऊन बघितलं, तर ए दाबल्यावर एल आणि एस दाबल्यावर अर्धविराम. सगळं आठ घरं पुढे सरकलेलं.

लिनक्स कर्नल ए या बटणाला ३० हा क्रमांक देतो. लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या एक्स या जुन्या यंत्रणेच्या प्रोटोकॉलमध्ये कीकोड, म्हणजे बटणांचे क्रमांक, ८ ते २५५ एवढ्याच हद्दीत असतात, म्हणून कर्नलच्या क्रमांकात ८ मिळवून ३८ करतात. एक्सच्या जागी वेलँड आलं तरी कीमॅपच्या, म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं अक्षर ते सांगणाऱ्या, फायलींमध्ये हा आठाचा हिशेब तसाच राहिलाय. आमच्या लायब्ररीत ही बेरीज दाराशीच एकदा होते. आतल्या एका फंक्शनच्या डोक्यावर ‘इथे आठ मिळवायचे नाहीत’ अशा अर्थाची इंग्रजी कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये लिहिलेली टीप, होती. ती लिहिताना नॉटमधल्या टीच्या जागी डब्ल्यू पडला आणि नॉटचं नाउ झालं. म्हणजे अर्थ झाला, ‘आता इथे आठ मिळवायचे’. टीममध्ये नव्यानेच आलेल्या मुलाने कॉमेंट वाचली, खाली बेरीज दिसली नाही, म्हणून ती घातली. ३० अधिक ८ अधिक ८ म्हणजे ४६, आणि ४६ हा एलचा कीकोड.

त्या मुलाची यात काडीची चूक नाही. कॉमेंट सांगत होती तेच त्याने केलं.

ती फाईल नंतर मी नीट वाचली. मॉडिफायर (शिफ्ट, कंट्रोलसारखं बटण) या शब्दातला दुसरा आय तीन ठिकाणी गळलेला होता, रिसीव्हमध्ये आय आणि ईची अदलाबदल झालेली होती, सेपरेटमध्ये एच्या जागी ई होता. आम्ही सगळे या ओळी वर्षानुवर्षं वाचत होतो. चुकीच्या शब्दावरून डोळा पुढे सरकवायची सवय लागली की त्याच ओघात नाउही निसटतो. म्हणून कॉमेंटमधलं स्पेलिंग हे रिकामटेकड्याचं काम आहे, असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करत नाही. आणि शोधायची अडचण वेगळीच. बटण सोडल्यावर मॉडिफायर लॅच राहतो (पुढच्या एका बटणापुरता) की लॉक होतो (पुन्हा दाबेपर्यंत), हे आमच्याकडे फक्त कॉमेंटमध्येच लिहिलेलं आहे. मॉडिफायर हा शब्द टाकून शोधलं, तर आय गळलेल्या ओळी येतच नाहीत. माहिती असून नसल्यासारखी.

आता मूळ दुखणं. दर काही महिन्यांनी कुणीतरी उत्साहाने सगळ्या चुका दुरुस्त करतं आणि पुढच्या रिलीजपर्यंत त्यातल्या निम्म्या परत दिसू लागतात. शिवाय एखाद्या वेळी दुरुस्तीनेच बिल्ड मोडतं किंवा कुणाच्या तरी मशीनवर लेआउट लोड होत नाही. मग सीनियर लोक वैतागून ‘स्पेलिंगचे पॅच पाठवू नका’ म्हणतात. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं व्हायला नको असेल तर घाई सोडून पुढचं बघा.

परत येतात त्या कुठून येतात

सगळ्यात मोठं कारण तयार होणाऱ्या फायली. कीबोर्ड लायब्ररीत कीसिमच्या, म्हणजे बटणातून उमटणाऱ्या चिन्हांच्या, नावांची एक लांबलचक हेडर फाईल असतेच. लिबएक्सकेबीकॉमन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतही ती हाताने लिहिलेली नाही. एक्सच्या एक्सऑर्गप्रोटो या पॅकेजच्या हेडरमधून स्क्रिप्ट चालवून ती बनते. आमच्याकडेही तसंच आहे. या बनलेल्या फाईलमध्ये तुम्ही चूक दुरुस्त केलीत, तर पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली की ती परत येणार. पालथ्या घड्यावर पाणी. फाईलच्या पहिल्या चार-पाच ओळी वाचा. ‘ही फाईल आपोआप बनली आहे’ असं लिहिलं असेल तर हात लावू नका, जिथून ती बनते तिथे जा. आणि तसं लिहिलेलं नसेल, तर आधी स्क्रिप्टमध्ये ती ओळ घाला. हे पाच मिनिटांचं काम आम्ही फार उशिरा केलं, त्याची मला अजून चुटपुट आहे.

दुसरं कारण बाहेरून उचललेला कोड. या क्षेत्रात ते सर्रास चालतं, कारण एक्सकेबीची, म्हणजे एक्सच्या कीबोर्ड-व्यवस्थेची, मूळ घडणच १९९० च्या दशकातली आहे आणि बऱ्याच फायलींच्या माथ्यावर आजही सिलिकॉन ग्राफिक्सची १९९४ ची कॉपीराइट ओळ दिसते. आणलेल्या फोल्डरमध्ये तुम्ही स्पेलिंग बदललंत, तर नवी आवृत्ती आणताना ते पुसलं जाईल किंवा मर्ज अडकेल. तिथली चूक तिकडेच कळवायची. परवान्याचा मजकूर तर कधीच सुधारायचा नाही. तो कायद्याचा मजकूर आहे आणि आपल्याला तो जसाच्या तसा पुढे द्यायचा असतो.

तिसरं, कॉपी-पेस्ट. एका फंक्शनची कॉमेंट दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. एक चूक सापडली की तोच चुकीचा शब्द सगळ्या रिपॉझिटरीत शोधा. ती क्वचितच एकटी असते.

शब्द कोण वाचतं, ते आधी बघा

आमच्याकडे आता एकच सवय लावली आहे. शब्द सुधारण्याआधी विचारायचं, हा कोण वाचतं? फक्त माणूस वाचत असेल तर बिनधास्त सुधारा. कंपायलर, स्क्रिप्ट, भाषांतराची यंत्रणा किंवा दुसऱ्याचा प्रोग्राम वाचत असेल तर थांबा.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण एक्सच्या कीसिममध्येच आहे. फ्रेंच अवतरणचिन्ह « याला गिमे म्हणतात. पण कीसिमच्या यादीत त्याचं नाव पडलं ‘गिलमॉटलेफ्ट’. गिलमॉट हा उत्तरेकडच्या समुद्रकड्यांवर राहणारा पक्षी आहे. शेवटच्या ईच्या जागी ओ आला आणि चिन्हाचा पक्षी झाला. अ‍ॅडोबीच्या पोस्टस्क्रिप्टमधल्या चिन्हनावांतही हीच चूक आहे. एक्समध्ये त्याची किंमत षोडशमान पद्धतीत ००एबी, युनिकोडमध्येही तोच क्रमांक. ही चूक कॉमेंटमध्ये नाही, नावात आहे, आणि ते नाव फ्रेंच बेपोसारख्या लेआउटच्या फायलींत, लोकांनी घरी बनवलेल्या कीमॅपमध्ये, कंपोजच्या (दोन-तीन बटणांतून एक चिन्ह करण्याच्या) यादीत जाऊन बसलेलं आहे. ‘चूक दिसली, सुधारली’ म्हणून कुणी ते नाव बदललं असतं, तर त्या सगळ्या फायली त्या दिवशी बंद पडल्या असत्या. म्हणून पुढे शुद्ध नाव वेगळं जोडलं गेलं आणि जुनं नाव त्याच किमतीचं म्हणून राहू दिलं. नावातली चूक सुधारायची रीत हीच: नवं नाव द्या, जुनं जिवंत ठेवा.

युनिकोडची शिस्त याहून कडक आहे. तिथे अक्षराचं एकदा दिलेलं नाव कधीच बदलत नाही. उभ्या मजकुरासाठीच्या एका कंसाच्या नावात ब्रॅकेट शब्दातली के आणि सी ही अक्षरं उलटसुलट झालेली आहेत. क्रमांक एफई१८. चूक सगळ्यांना ठाऊक आहे, नाव तसंच आहे, शेजारी दुरुस्त नाव उपनाव म्हणून दिलेलं आहे. कन्नडमधल्या ‘ೞ’ या अक्षराचं नाव ‘फा’ असं पडलं, प्रत्यक्षात तो ळच्या जवळचा वेगळाच उच्चार. तेही तसंच.

हे सांगायचं कारण, ही नावं आपल्या कॉमेंटमध्ये येतात. देवनागरी लेआउटच्या फाईलमध्ये प्रत्येक बटणापुढे अक्षराचं युनिकोड नाव कॉमेंट म्हणून लिहायची पद्धत आहे. ‘ॅ’च्या नावात चंद्र हा शब्द सी-ए-एन-डी-आर-ए असा लिहिलेला आहे, एच नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याच्याही नावात हाच चंद्र, एचशिवायचा. आमच्याकडे एका पॅचमध्ये असे सगळे चंद्र एच घालून ‘शुद्ध’ केलेले होते. करणारा मराठीच होता आणि मराठी माणसाच्या डोळ्याला ते स्पेलिंग खटकणारच. पण आता युनिकोडच्या तक्त्यातलं नाव कॉपी करून आमच्या फाईलमध्ये शोधलं, तर ते सापडेना. विराम, नुक्ता, अवग्रह या शब्दांचंही तेच. साधा इंग्रजी स्पेलचेकर या सगळ्यांखाली लाल रेघ ओढतो. ती रेघ बघून हात शिवशिवले तरी थांबा, तक्ता उघडा, अक्षर अन् अक्षर ताडून बघा.

आता खुद्द कॉमेंट. सगळ्या कॉमेंट माणसासाठी असतात, हा समजही चुकीचा आहे. एक्सच्या कीसिम हेडरमध्ये प्रत्येक नावापुढच्या कॉमेंटमध्ये युनिकोड क्रमांक आणि अक्षराचं नाव ठरावीक साच्यात लिहिलेलं असतं. तो साचा कोणत्या रेग्युलर एक्स्प्रेशनने वाचायचा, तेही त्याच फाईलच्या सुरुवातीला दिलेलं आहे. म्हणजे ती कॉमेंट हा डेटा आहे. तिथली एक मोकळी जागा किंवा एक कंस हलला, तर कीसिमवरून अक्षर काढणारा तक्ता चुकतो. दुसरं उदाहरण रोजच्या सीमधलं. स्विचमध्ये एका केसमधून मुद्दाम पुढच्या केसमध्ये उतरायचं असेल, तर आपण ‘फॉलथ्रू’ अशी कॉमेंट टाकतो. २०१७ साली आलेल्या जीसीसी ७ पासून कंपायलर ही कॉमेंट वाचतो. स्पेलिंगमधला एखादा आर गळला तर त्याला ती ओळखू येत नाही आणि वॉर्निंग येतच राहते. आमच्या की-इव्हेंटच्या स्विचमध्ये अशी एक वॉर्निंग कित्येक दिवस होती. सगळे लॉजिक तपासत बसले होते, चूक मात्र त्या कॉमेंटमध्ये होती.

लेआउटचं वर्णन, म्हणजे सेटिंगमध्ये दिसणारं ‘मराठी, कगप, फोनेटिक’ असं नाव, हीसुद्धा कॉमेंट नाही. तो भाषांतराला जाणारा मजकूर आहे. त्यातलं एक अक्षर बदललं तरी सगळ्या भाषांतल्या त्या ओळीवर ‘पुन्हा तपासा’ अशी खूण पडते. चूक असेल तर सुधारायलाच हवी, पण वेगळ्या कमिटमध्ये, भाषांतर करणाऱ्यांना आधी सांगून.

हत्यार कोणतं वापरावं

मी कोडस्पेल हे स्पेलिंग तपासणारं साधन वापरते. ते शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाशी ताडून बघत नाही. नेहमी होणाऱ्या चुकांची यादी त्याच्याकडे आहे, त्यातलं काही दिसलं तरच बोलतं. ही यादी सुरुवातीला विकिपीडियावरच्या नेहमीच्या चुकांच्या यादीवरून घेतलेली आहे. त्यामुळे कीसिम, कीमॅप, इव्हडेव्ह अशा शब्दांवर ते उगाच अडत नाही. कोडसाठी हाच स्वभाव योग्य आहे.

पण त्याच्या तीन गोष्टी माहीत हव्यात. त्याला कॉमेंट आणि कोड यांतला फरक कळत नाही, ते प्रत्येक ओळ वाचतं. अंडरस्कोरने जोडलेलं नाव त्याच्या लेखी एकच शब्द असतो, म्हणून अशा नावाच्या पोटातली चूक त्याला दिसत नाही. ती शोधायची असेल तर टायपोज हे दुसरं साधन बघा, ते नावं तोडून तपासतं. तिसरी गोष्ट अशी की स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश-एन असेल, तर तो एन पुढच्या शब्दाला चिकटून भलताच शब्द तयार होऊ शकतो. असे प्रकार वगळायला रेग्युलर एक्स्प्रेशन देता येतं.

कीबोर्डच्या कोडमध्ये आणखी एक त्रास हमखास होतो. एक्सकेबीत लेआउटना छोटे कोड असतात. फेरो बेटांचा कोड एफ-ओ. कोडस्पेलला वाटतं, हा ऑफ किंवा फॉर लिहिताना झालेला घोटाळा आहे. लाओ लिपीतल्या अक्षरांच्या नावातही हाच ‘फो’ येतो. असे शब्द दुर्लक्ष-यादीत घाला. मात्र यादीत शब्द घालताना शेजारी एका ओळीत कारण लिहा, नाहीतर दोन वर्षांनी ही यादी का वाढली ते कुणालाच सांगता येत नाही.

आपोआप लिहून टाकायचा पर्याय पहिल्याच फेरीत वापरू नका. आधी नुसती यादी काढा, तयार झालेल्या फायली आणि आणलेली फोल्डरं वगळा, मग इंटरॅक्टिव्ह पद्धतीने एकेक शब्द विचारत जा. ज्या चुकीला एकाहून जास्त उत्तरं असतात, ती कोडस्पेल स्वतःहून बदलत नाही, तुमच्याकडे सोपवतं. ब्रिटिश स्पेलिंगचं अमेरिकन करणारी यादीही त्यात आहे, पण ती मागितल्याशिवाय लागू होत नाही. ती मागू नका. कलर शब्दात यू असणं ही चूक नव्हे, आणि असल्या पॅचवर वाद घालण्यात सगळ्यांचा दिवस जातो.

आमच्या स्वतःच्या नेहमीच्या चुकांची एक छोटी यादी आम्ही वेगळी ठेवतो. लिनक्स कर्नलमध्येही अशी फाईल आहे: चुकीचा शब्द, दोन उभ्या रेघा, बरोबर शब्द. कर्नलचे पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट हीच यादी वाचते. रीत साधी आहे, आम्हीही तीच उचलली.

काही मोडलं नाही, हे दाखवून द्या

फक्त कॉमेंट बदलल्या असतील तर प्रोग्राम तसूभरही बदलायला नको. हे बोलून नव्हे, करून दाखवता येतं. बदलाआधी आणि नंतर, डीबग माहितीशिवाय बिल्ड करा आणि ऑब्जेक्ट फायली बाइट-बाइट ताडा. फरक दिसला तर कुठेतरी कॉमेंटबाहेर हात गेलाय. एक काळजी घ्या: शब्द सुधारताना ओळी मोडून नव्याने लावू नका. ओळींची संख्या बदलली की असर्टमधले ओळक्रमांक बदलतात आणि तुलना फुकट जाते. ओळ थोडी लांब झाली तर होऊ द्या.

लेआउटच्या फायलींसाठी एक्सकेबीसीएलआय या कमांडचं कम्पाइल-कीमॅप चालवा. भारताच्या लेआउटमधला मराठी कगप घ्या, आधीचं आणि नंतरचं कीमॅप दोन फायलींत काढा, डिफ करा. कंपाइल झालेल्या कीमॅपमध्ये कॉमेंट उरतच नाहीत, म्हणजे डिफ रिकामाच यायला हवा. मी हा रिकामा डिफ पॅचच्या वर्णनात नमूद करते. तपासणाऱ्याचा वेळ वाचतो आणि ‘स्पेलिंगचे पॅच पाठवू नका’ म्हणणारेही ते मुकाट्याने घेतात.

कमिट स्वतंत्र ठेवा, त्यात दुसरं काहीही मिसळू नका. नंतर त्या कमिटचा हॅश गिटच्या ब्लेमसाठीच्या (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडसाठीच्या) दुर्लक्ष-फाईलमध्ये टाका. २०१९ च्या गिट २.२३ पासून ही सोय आहे. तेवढं केलं आणि ती फाईल गिटच्या सेटिंगमध्ये दिली की ब्लेम काढल्यावर ती ओळ मुळात कुणी आणि का लिहिली, तेच दिसतं. आड येणारं तुमचं नाव दिसत नाही.

आणि दाराशी पहारा बसवा. प्री-कमिट हुक (कमिटच्या आधी चालणारी तपासणी) आणि सीआय (सर्व्हरवर आपोआप होणारं बिल्ड आणि टेस्ट) दोन्हीकडे, बदललेल्या फायलींपुरतं कोडस्पेल. हे नसेल तर वरची सगळी मेहनत सहा महिन्यांची पाहुणी.

यंत्राला न दिसणारी चूक

आता परत त्या नाउकडे. वरचं एकही साधन ती चूक पकडणार नव्हतं, कारण नाउ हा शब्द शुद्धच आहे. फॉर्म आणि फ्रॉम, लेव्हल आणि ग्रुप, लॅच आणि लॉक यांची अदलाबदलही तशीच निसटते. म्हणून ज्या कॉमेंटमध्ये ‘करू नका’ असा नकार आहे, त्या सगळ्या मी एकदा वेगळ्या काढल्या. नॉट, नेव्हर, डोन्ट हे शब्द शोधले. नाउ असलेल्या ओळीही काढल्या आणि प्रत्येकीच्या खालचा कोड वाचून ती खरी आहे का ते बघितलं. दोन दुपारी गेल्या. आणखी एक कॉमेंट सापडली, तिच्यात डिप्रेस्डच्या जागी प्रोसेस्ड लिहिलेलं होतं. बोटाने दाबून धरलेला मॉडिफायर म्हणायचं होतं, वाचताना मात्र ‘प्रक्रिया झालेला मॉडिफायर’ असा अर्थ लागत होता.

ती आठाची कॉमेंट मी नुसतं डब्ल्यूचा टी करून सोडली नाही. नकारच काढून टाकला. आता तिथे लिहिलंय, ‘इथे येणारा कीकोड एक्सचा आहे, कर्नलच्या क्रमांकात ८ आधीच मिळवलेले आहेत’. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी या वाक्याचा अर्थ उलटा होत नाही. खाली एक टेस्टही जोडली: कर्नलचा ३० आत सोडला की बाहेर ३८ यायला हवा, आणि इन्स्क्रिप्ट लावलेलं असेल तर ‘ो’.